अंजनामाय आणि बंदुकीचा विमा

पातूरच्या पुढे, डोंगर सुरू होतो तिथल्या एका गावात मी ग्रामसेवक म्हणून रुजू झालो आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे बंदुकीच्या बारानं मला जाग आली. मी दचकून अंथरुणात उठून बसलो. भिंतीपलीकडं मात्र सगळं शांत होतं. घरमालकीण पोराला हलवत म्हणत होती, "ऊठ रे, मायचा बार झाला. शाळा हाये नं तुले?"

ही माय म्हणजे गावच्या सरपंच अंजनाबाई. त्यांचं वावर डोंगराला लागून होतं. तुरीला शेंगा धरल्या की रानडुकरांचे कळप उतरायचे. म्हणून त्या जागलीला जायच्या आणि उजाडताना परतायच्या, खांद्यावर बंदूक घेऊन. बंदूक भरमार, म्हणजे नळीत वरून दारू आणि छर्रे ठासायची. एकदा भरली की रिकामी करायचा त्यांना माहीत असलेला उपाय एकच, ती उडवायची. गावात शिरण्याआधी अंजनाबाई नाल्याच्या काठावर उभ्या राहायच्या, "बार हाय व्हो!" अशी मोठ्यानं हाळी द्यायच्या आणि समोरच्या मातीच्या दरडीत बार सोडायच्या. मग पदरानं नळी पुसून गावात यायच्या. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "सचिवसायेब, भरेल बंदूक अन तापेल मानूस, दोनाइले गावाच्या भाईरच थंड करा लागते."

गावात ग्रामसेवकाला सचिव म्हणत, आणि त्या मला शेवटपर्यंत सचिवसायेबच म्हणाल्या. वयानं मी त्यांच्या मुलासारखा. पण 'अरे-तुरे' कधी केलं नाही.

उंच, काटक बाई. नऊवारी लुगडं, जाड काचांचा चष्मा, पायात पुरुषी चपला. ग्रामसभेत खुर्ची रिकामी ठेवून त्या खाली सतरंजीवर बायकांमध्ये बसायच्या आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत राहायच्या. सुपारी स्वतः फारशी खायच्या नाहीत, कातरून आजूबाजूला वाटायच्या. कुणी उगाच लांबण लावलं की अडकित्ता कटकट वाजायचा. कुणी खरं बोलू लागलं की थांबायचा. बोलणाऱ्या माणसाची नजर त्यामुळं माझ्याकडं नसायची, त्या अडकित्त्याकडं असायची.

बंदूक मुळात त्यांच्या नवऱ्याच्या नावावर होती. ते वारल्यावर दिरांनी सांगितलं, ठाण्यात जमा करून टाका, बाईच्या जातीला काय करायची. अंजनाबाई एस.टी.त बसून अकोल्याला गेल्या आणि परवाना आपल्या नावावर करून मागितला. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही बाईमाणूस. बंदूक कशाला हवी तुम्हाला?"

"सायेब, मी बाईमानूस हाय म्हनून डुक्कर माह्या वावरात कमी खाते का?"

हा किस्सा त्यांनी स्वतः मला कधी सांगितला नाही. गावातल्या प्रत्येकानं मात्र सांगितला, आणि प्रत्येकानं साहेबांचा चेहरा वेगवेगळा करून दाखवला.

गावात अशा पिकराखणीच्या परवान्याच्या आणखी काही बंदुका होत्या. त्यातली एक पुंडलिकरावांची. त्यांची बंदूक वावरापेक्षा वरातीत जास्त दिसायची. त्यांच्या पुतण्याच्या लग्नाची वरात होती. नवरदेव घोड्यावर, समोर बँड, आणि पुंडलिकरावांनी आभाळात एक बार उडवला. अंजनाबाई मांडवातून उठल्या, बँडवाल्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला. वाजंत्री बंद पडली.

"पुंडलिका, वरते उडवला थो छर्रा कोनाच्या अंगनात पडला, पाहून ये. मंग वरात पुढं जाईन."

"माय, अवो लग्न हाय!"

"हो नं. म्हनूनच म्हनतो, लवकर जाय."

पुंडलिकराव फेटा सांभाळत अंगणं धुंडाळत फिरले. घोडा पाय आपटत होता, नवरदेव घामाघूम, वऱ्हाडी हसून बेजार. शेवटी ते परत आले. "नाई सापडत."

"सापडत नाई नं? मंग जो सापडत नाई थो उडवाचा नाई." मग त्यांनी बँडवाल्यांकडं पाहून मान हलवली आणि वरात निघाली. त्यानंतर गावातल्या वरातीत कधी बार उडाला नाही.

हे सांगायचं कारण असं, की बंदुकीचा विमा नको म्हणून उभी राहणारी बाई बंदुकीच्या बाबतीत बेफिकीर असेल असं कुणाला वाटू नये. त्यांच्याइतकी बंदुकीला भिणारी व्यक्ती मी पाहिली नाही.

तो विषय आला एका दुर्घटनेनंतर. शेजारच्या तालुक्यात कापूस वेचणाऱ्या एका मजूर बाईला पिकराखणीच्या बंदुकीचे छर्रे लागले. बंदूकवाला हात वर करून मोकळा झाला आणि ती बाई दवाखान्यात पडून राहिली. त्यावर बरीच ओरड झाली आणि वरून एक प्रस्ताव खाली आला. परवाना ज्याच्याकडं असेल त्यानं विमा काढायचा. त्याच्या बंदुकीनं कुणाला इजा झाली तर विमा कंपनी त्या जखमी माणसाला भरपाई देईल. विमा नसेल तर परवान्याचं नूतनीकरण नाही. असं करावं की नाही, यावर ग्रामपंचायतींचं मत मागवलं होतं.

पातूरला सगळ्या सरपंचांची बैठक झाली. मी अंजनाबाईंच्या मागच्या रांगेत होतो. समजावून सांगणारे अधिकारी तरुण होते, कळकळीनं बोलत होते. म्हणाले, "गाडीचा विमा काढतो ना आपण? समोरच्याला लागलं तर त्याला भरपाई मिळते. तसंच आहे हे."

अंजनाबाई उठल्या. माइक पुढं आला, तो त्यांनी हातानं बाजूला केला.

"सायेब, गाडी रस्त्यानं सगळ्याइच्या मधात चालते. माही बंदूक माह्या वावरात रायते. अन विम्याचं म्हनता, तं गेल्या साली डुकरानं तूर खाल्ली, तिचा विमा मागाले गेली मी. कंपनीचा मानूस म्हने, डुकराचा फोटो दाखवा. मी म्हनलं, बाप्पा, त्याले थांब म्हनाले पाह्यजे होतं!"

सभागृह हसलं. त्या हसल्या नाहीत.

"दुसरं सांगतो. विमा आला का मानूस म्हनते, हप्ता भरला नं, आता कंपनी पाहीन. आज माह्या हातून कोनाले लागलं तं माही झोप जाईन. ही झोप जाते, म्हनून हात सांभाळून रायते. हे भेवच तुमी काढून घेऊन राह्यले."

टाळ्या पडल्या. मलाही त्या वेळी ते पटलं होतं. परत येताना जीपमध्ये इतर गावचे सरपंच त्यांना म्हणाले, माय, तुमचा ठराव आम्हाला द्या, आम्ही तोच मंजूर करतो.

आमच्या ग्रामसभेत ठराव एकमतानं झाला. पुंडलिकरावांनी दोन्ही हात वर केले. 'बंदुकीच्या विम्याला या गावाचा विरोध आहे,' एवढं लिहून मी पेन टेकवलं, तशा अंजनाबाई म्हणाल्या, "थांबा. अजून एक लिहा. आमच्या गावातल्या बंदुकीनं कोनाले लागलं, तं त्याचं सगळं गाव पाहीन."

"माय, असं ठरावात..." मी म्हणालो.

"कंपनी नको म्हनतो आपन. मंग कोन पाहीन, थे नाई सांगाव का?"

कुणाची हरकत नव्हती. मी लिहिलं. पुढं तालुक्यातल्या गावागावांत तोच ठराव झाला. काहींनी ते शेवटचं वाक्य ठेवलं, बहुतेकांनी गाळलं.

त्याच हंगामात ते घडलं.

रफीक आमच्याच गावचा. गाद्या-रजया भरणारा. कापूस पिंजायचं काम बापाकडून आलेलं. सायकलवर रुई आणि खोळी लादून डोंगराकडच्या गावांमधून फिरायचा. शिवणारी त्याची बायको शबाना. त्या सकाळी तो लवकर निघाला होता. नाल्याजवळ सायकल लावून तोंड धुवायला खाली उतरला. कानात मोबाईलचं गाणं होतं. वर अंजनाबाई आल्या, नेहमीसारखी हाळी दिली, थोडं थांबल्या आणि दरडीत बार सोडला. पावसाळ्यात त्या दरडीची माती वाहून गेली होती आणि आतला खडक उघडा पडला होता. छर्रे खडकावर आदळून उलटे फिरले. रफीकच्या गुडघ्यात आणि नडगीत घुसले.

मी धावत पोचलो तेव्हा अंजनाबाईंनी आपला पदर फाडून त्याच्या पायाला बांधला होता आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बंदूक नाल्याच्या पाण्यात पडली होती. रफीक कण्हत होता, "माय, मैं इधर था... मैं इधर था." त्या एवढंच म्हणत होत्या, "हो रे बापा. हो रे."

गाडीतून त्याला आधी पातूरला, तिथून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. ठाण्यात खबर द्यायला त्या स्वतःच गेल्या. हवालदारानं लिहिता लिहिता विचारलं, "त्याच्या कानात गाणं होतं म्हणतात. मग चूक त्याचीच की."

"कान त्याचे, छर्रे माहे," अंजनाबाई म्हणाल्या. "माहंच लिहा."

गुन्हा नोंदला गेला, बंदूक जमा झाली. त्या दवाखान्यात राहिल्या. रफीकच्या खाटेशेजारी शबाना आणि खाटेखाली चटईवर या. मी भेटायला गेलो की त्या जिन्यात बसलेल्या असायच्या, कारण रफीकचे नातेवाईक येत आणि या समोर असल्या की त्यांना मोकळं बोलता येत नसे, हे त्यांना कळत होतं. छर्रे काढले. पण गुडघा पूर्ण वाकेना. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण सायकल विसरा.

सायकल नाही म्हणजे धंदा नाही. अंजनाबाई त्याच्या घरी धान्य पोचवू लागल्या. तूर, ज्वारी, मोसमातली भाजी. मुलांची फी भरली. स्वतः जायच्या, दारात पिशवी ठेवायच्या, पाणी प्यायच्या आणि यायच्या. शबाना "बसा नं माय" म्हणायची, पण त्या बसत नसत.

आणि मग त्यांनी ग्रामसभा बोलावली. विषय एकच. गावानं ठरावात जे लिहून दिलं होतं, ते आता करायचं. रफीक फाट्यावर दुकान टाकू शकेल, विजेवरचं पिंजण्याचं यंत्र आणू शकेल, एवढं सगळ्यांनी मिळून उभं करायचं.

सभेला गर्दी होती. मग एक जण म्हणाला, यंदा कापसाला भाव नाही. दुसरा म्हणाला, पंचायतीच्या निधीतून करा. मी सांगितलं, तसा नियम नाही. शेवटी पुंडलिकराव उठले. ते वाईट माणूस नव्हते. सगळ्यांच्या मनात होतं ते त्यांनी बोलून दाखवलं.

"माय, राग येऊ देऊ नका. बंदूक तुमची, बार तुमचा. गाव कुठं आलं मंधात?"

"ठरावात आलं नं पुंडलिका. तुनं दोन हात वरते केले होते."

"ठराव तं विम्याच्या विरोधात होता. खालचं थे आपलं... बोलाचं बोलनं."

मी अंजनाबाईंकडं पाहिलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांच्या मांडीवर अडकित्ता तसाच पडून होता. त्या म्हणाल्या, "बरं. रफीक आला हाय. त्याले काही म्हनाचं असन तं म्हनू द्या."

रफीक भिंतीला टेकून उभा होता. काठी त्यानं शबानाकडं दिली. घसा साफ केला.

"मायनं माह्यासाठी केलं तेवढं माह्या सख्ख्या भावानं नाई केलं. खुदा गवाह है. पन एक बोलतो, माय, बुरा मत मानना. तुमी दारात पिशवी ठेवता नं, थे मले रोज दिसते. माह्या घरी चूल पेटते तुमच्या मर्जीवर. तुमची मर्जी चांगली हाय. पन हाय तं मर्जीच. विमा असता, तं थो पैसा माह्या हकाचा असता. कोनाले सलाम कराचं काम नव्हतं."

मग त्यानं एकदा पुंडलिकरावांकडं पाहिलं आणि परत अंजनाबाईंकडं वळला. "अन माय, मले तुमची बंदूक लागली. हे नशीब म्हना. पुंडलिकभाऊची लागली असती तं?"

पुंडलिकराव खाली बघू लागले.

अंजनाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. मग उठल्या, आणि पहिल्यांदाच मी त्यांना सरपंचाच्या खुर्चीपाशी जाऊन उभं राहिलेलं पाहिलं.

"पातूरले मी बोलली थे खोटं नाई बोलली. पन बंदूक ज्याच्या हाती हाय त्याच्याच मनानं बोलली. ज्याले लागते, त्याले मी पुसलंच नव्हतं. सचिवसायेब, नवा ठराव लिहा. या गावाची विम्याले संमती हाय."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. हात वर करायला सांगितलं. अंजनाबाईंचा हात वर गेला. रफीकचा, शबानाचा, आणि सतरंजीवरच्या काही बायकांचा. बाकी कुणाचा नाही. बंदुका असलेल्यांना हप्ता नको होता, आणि बंदुका नसलेल्यांना बंदुकावाल्यांशी वाकडं नको होतं.

माझं पेन थांबलेलं पाहून त्या म्हणाल्या, "लिहा की. नामंजूर झाला. सरपंच हरली. जसं झालं तसं लिहा."

पुढं त्या प्रस्तावाचं काही झालंच नाही. वरून कळलं की ग्रामपंचायतींचा एकमुखी विरोध असल्यामुळं विषय मागे ठेवण्यात आला आहे. त्या एकमुखी विरोधातले निम्मे ठराव अंजनाबाईंच्या शब्दांत होते.

काही दिवसांनी त्या मला म्हणाल्या, "थो हक म्हनला नं, मंग हकच देऊ." फाट्यावर, गावठाणात, त्यांची एक मोकळी जागा होती. ती रफीकच्या नावावर करायला आम्ही सगळे पातूरच्या कचेरीत गेलो. दस्त लिहिणाऱ्यानं सवयीनं सुरुवात केली, 'प्रेमापोटी बक्षीस देत आहे.' वाचून दाखवल्यावर त्या खुर्चीवरून उठल्या.

"प्रेम काहून लिहिलं? बक्षीस तर अजिबात नको."

"बाई, तशीच भाषा असते दस्ताची."

"तुमच्या कायद्याले लागते थे वरते असू द्या. खाली माहं वाक्य लिहा. माह्या बंदुकीनं याचा पाय गेला, त्याची ही भरपाई. दान नाई, उपकार नाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं ते वाक्य लिहिलं. रफीकनं सही केली आणि बाहेर जाऊन उभा राहिला. परतीच्या गाडीत तो पहिल्यांदा त्यांच्याशी जुन्यासारखा भांडला. खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून. त्यांना ते फार आवडलेलं दिसलं.

दुकान चालू झालं. शबाना रजया शिवू लागली. त्यानंतर अंजनाबाई त्यांच्या घरी पिशवी घेऊन गेल्या नाहीत. कधी गेल्या तर रजई विकत घ्यायला गेल्या, आणि भावावरून घासाघीस केली.

खटला आपसात मिटला. बंदूक परत मागायचा अर्ज करा, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "नको. आता डबे वाजवतो." डुकरं तूर खातच राहिली. पुढच्या निवडणुकीत त्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि पुंडलिकराव सरपंच झाले. माझी बदली अमरावतीला झाली आणि मी राजापेठेत बिऱ्हाड केलं.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. अमरावतीला रानडुकरांच्या उपद्रवावर मोठी बैठक होती. विभागातले सरपंच, अधिकारी, शेतकरी, सगळे आले होते. मी व्यवस्थेसाठी व्यासपीठाच्या बाजूला उभा होतो. पिकराखणीसाठी आणखी परवाने द्यावेत, अशी मागणी जोरात चालू होती. वक्त्यांमागून वक्ते तेच बोलत होते आणि टाळ्या पडत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक ओळखीचा आवाज आला.

"बंदुका द्या. पन विम्याचं काय?"

सगळ्यांनी माना वळवल्या. अंजनाबाई. केस पांढरे झाले होते, खांद्याला कापडी पिशवी. गावाहून एकट्याच आल्या असाव्यात.

अध्यक्षस्थानी असलेले अधिकारी समजुतीनं म्हणाले, "आजी, तो विषय तेव्हाच संपला. ग्रामपंचायतींचाच विरोध होता त्याला."

"हो सायेब. पयला विरोध माहाच होता. म्हनूनच आली."

थोडी खसखस पिकली. कुणीतरी "बसा आजी, बसा" म्हणालं. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं, पुढचा विषय पुकारला, आणि माइक दुसऱ्या वक्त्याकडं गेला. तारेच्या कुंपणावर बोलणं सुरू झालं. मी मागं पाहिलं. सगळं सभागृह बसलेलं होतं आणि अंजनाबाई उभ्या होत्या. हात वर नव्हता, तोंडातून शब्द नव्हता. समोर बघत नुसत्या उभ्या. कुंपणाचा विषय संपला, अनुदानाचा झाला, आभार झाले, तरी त्या बसल्या नाहीत.

मग राष्ट्रगीतासाठी सगळेच उभे राहिले, आणि त्या गर्दीत त्या मला दिसेनाशा झाल्या.